सुईटमधला सोफा

११ जानेवारी

जहाजावर चढताना रांगेत उभं राहावं लागलं नाही. हा पहिला फायदा. बाकीचे लोक बॅगा ओढत उन्हात ताटकळत होते, आणि आम्हाला एका बाईने वेगळ्या दारातून आत नेलं, थंड रुमाल दिला, सरबत दिलं. सुईटवाल्यांचं दार निराळं असतं म्हणे. मला उगाचच चोरासारखं वाटलं. यांना काही वाटलेलं दिसलं नाही. माझ्या नवऱ्याला कशाचंच काही वाटत नाही. सरबत प्यायले, रुमालाची नीट घडी केली आणि परत दिला.

खोली कसली, आमच्या घरापेक्षा मोठी आहे. बाहेर बैठकीची खोली, आत झोपायची, आणि तिसरी नुसती कपडे घालायला! गॅलरीत दोन आरामखुर्च्या आणि पुढे समुद्र. शिवाय दिमतीला बटलर. पांढरे हातमोजे घालून येतो, वाकून बोलतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव मोजेवाला ठेवलं.

पलंगावर टॉवेलांचे दोन हंस, चोचीला चोच लावून. भोवती गुलाबाच्या पाकळ्या. लेकीनेच कळवलं असणार. लग्नाच्या वाढदिवसाची भेट ना ही, तिने आणि जावयाने मिळून दिलेली. तिला बिचारीला काय ठाऊक.

हंस सोडवून ठेवले. टॉवेल चांगले आहेत.

यांनी आल्या आल्या काय करावं? मोजेवाल्याला बोलावून कपड्यांच्या खोलीतला उभा आरसा बैठकीत आणवला, सोफ्यासमोर. म्हटलं, या वयात नट्टापट्टा सुचतोय. 'सवय आहे गं,' म्हणाले. तेही खरंच. आमच्या दुकानात आरशाशिवाय भिंत नाही. काउंटरवर आरसे, दाराशी आरसा, मागच्या खोलीत मशीनच्या डोक्यावरसुद्धा एक. चष्म्याचं दुकान म्हटल्यावर आलंच.

मग म्हणाले, 'तू आत झोप. मी इथे सोफ्यावर झोपतो.'

सुटले. मला म्हणावं लागलं नाही.

१२ जानेवारी

सकाळी मोजेवाला चहा घेऊन आला. सोफ्यावरची चादर-उशी बघून न बघितल्यासारखं केलं आणि एका झटक्यात सगळं आवरून टाकलं. जहाजावर हे शिकवत असतील. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

इथे मात्र लिहून ठेवते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

दिवाणखान्यात बसून, समोरासमोर, असं काही झालं नाही. दुकानातच झालं. हे मागच्या खोलीत काच घासत होते, माझ्याकडे पाठ करून. गिऱ्हाईक नव्हतं. मी दारात उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं. मला वेगळं राहायचंय. भांडण नाही, तंटा नाही, कोणी तिसरं माणूस नाही. पण या मुक्या घरात आता माझा जीव रमत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाशी तासभर बोलता आणि मी काही बोलले की हो नाहीतर बरं. एक खोली बघून ठेवलीय. खाली बेकरी आहे, खिडकी पूर्वेला आहे, एका माणसाला पुरे.

मशीन घरघरत होतं. मी बोलायची थांबले. हे म्हणाले, 'बरं.'

बस, एवढंच. दुसरी काच घेतली आणि मशीनला लावली.

त्या दिवसापासून मी लेकीच्या रिकाम्या खोलीत झोपते. उशी उचलायला हेच आले मदतीला. आणि मग आठवड्याभरातच लेकीने ही तिकिटं हातात ठेवली. इतकी हरखली होती की तिला नाही कोण म्हणणार. गाडीतून परत येताना मी यांना म्हटलं, जाऊन येऊ, धक्क्यावर ती घ्यायला येईल तेव्हा तिला सांगू.

'बरं.'

म्हणजे ठरलं. हा आठवडा फुकटचा आहे असं समजायचं आणि चैन करायची.

१३ जानेवारी

उशांचं मेन्यूकार्ड असतं! जेवणाचं असतं तसं. मऊ, कडक, मानेची, कुशीवर झोपणाऱ्यांची, घोरणाऱ्यांची. मी वाचतच होते तोवर यांनी मोजेवाल्याला माझ्यासाठी चपटी कडक उशी सांगून टाकली. मला तीच हवी होती. असो. इतक्या वर्षांत एवढं तरी कळायलाच हवं.

वरच्या डेकवर सुईटवाल्यांसाठी वेगळा तलाव आहे, त्याच्याभोवती दोरी बांधलेली. दोरीपलीकडची माणसं आमच्याकडे बघतात. मी पहिल्या दिवशी ओशाळले होते. आज दोरीच्या आत पाय पसरून पडले आणि कोणाकडे बघितलंसुद्धा नाही. चैनीची सवय फार लवकर लागते.

संध्याकाळी नाटक. आमची जागा मधल्या ओळीत, उत्तम. पण यांनी हट्ट धरून पहिल्या रांगेत बदलून घेतली. नटांच्या थुंकीचे शिंतोडे येतील इतकं जवळ. म्हटलं, चष्मे विकणाऱ्याला लांबचं दिसत नाही की काय? हसले नाहीत. मग नाटकभर टक लावून बघत होते.

१४ जानेवारी

दुपारभर टबात पुस्तक वाचत पडले, पाणी दोनदा बदललं, कोणी हाक मारली नाही. खोलीत एकटी राहीन तेव्हा असंच असेल. टब नसेल.

१५ जानेवारी

कप्तानाच्या टेबलावर जेवण. हाही सुईटचाच मान. मी लेकीने दिलेला मोत्यांचा सर घातला. सूप, मासा, केक, मध्ये मध्ये काय काय. मागे वाद्यवृंद, इतका मोठा की माझंच मला ऐकू येईना.

शेजारी निवृत्त न्यायाधीश आणि त्यांची बायको. बाई मोठ्या गप्पिष्ट. यांना विचारलं, 'तुम्हाला मुलं किती?' हे म्हणाले, 'हो, छानच आहे.' बाईंना वाटलं विनोद केला. खूप हसल्या. मग विचारलं, 'कितवा वाढदिवस लग्नाचा?' तर हे म्हणाले, 'बरं.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस टेबलावर बसलाय पण लक्ष कुठे आहे कोण जाणे. घरी माझ्याशी वागतात तसंच चारचौघांतही. कप्तानाने केक कापायला दोघांचे हात धरून सुरीवर ठेवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांचा हात गरम होता. मी लगेच काढून घेतला.

परत येताना ठरवलं, खोलीवाल्या बाईला उतरल्या उतरल्या फोन करायचा. पहिल्या तारखेपासून येते म्हणून सांगायचं.

१६ जानेवारी

सुईटचा आणखी एक फायदा, डॉक्टर खोलीत येते.

यांच्या कानात तलावाचं पाणी गेलं आणि ठणका लागला. हे मला नाही सांगितलं. मोजेवाल्याला सांगितलं. त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या मास्क लावून आल्या आणि पेटी उघडता उघडता विचारलं, 'कधीपासून दुखतंय?'

हे त्यांच्या मास्ककडे बघत राहिले.

'याआधी कधी झालं होतं?'

'बरं,' हे म्हणाले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर बाईंनी हाताने मला थांबवलं. मास्क खाली ओढला, खुर्ची घेऊन यांच्यासमोर बसल्या आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. धडाधड उत्तरं आली. मग त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्याआधी सोफ्यासमोरच्या आरशावर टॉवेल टाकला, मला वाटलं उजेड डोळ्यांवर येत असेल. मागून यांना नावाने हाक मारली. एकदा, मग मोठ्याने. मोजेवाला दारातून वळून बघायला लागला. हे सरळ बसून होते.

डावा कान जवळजवळ गेलेला. उजवा अर्धामुर्धा. 'हे आजकालचं नाही,' बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, 'तुम्हाला माहीत नव्हतं?'

नव्हतं. एका छपराखाली राहून मला माहीत नव्हतं. इतकी लाज वाटली की मी उशीची खोळ नीट करत बसले.

त्या गेल्यावर विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, 'अगं, आपल्या धंद्यात माणसाच्या तोंडाकडेच बघायचं असतं. भागून गेलं.' आणि थोड्या वेळाने, 'लोक डोळ्याचा नंबर लपवतात ना, तसंच.'

दिवसभर गिऱ्हाइकांना हेच रागावतात. नंबर लपवू नका, लपवल्याने कमी होत नाही.

गल्ल्यावर मी यांच्या डाव्या हाताला बसते. गाडीत डाव्या हाताला. जेवायला डाव्या हाताला. मी आजपर्यंत कोणाशी बोलत होते?

१७ जानेवारी

आज दिवसभर डोक्यात एकच घोळतंय. दुकानात मी बोलले तेव्हा मशीन चालू होतं. माझ्याकडे पाठ होती. म्हणजे यांना काही ऐकूच गेलं नसणार. गाडीतलंही नाही. ते 'बरं' म्हणजे कप्तानाच्या टेबलावरचं 'बरं'.

मग हा माणूस इथे कशाला आलाय? लग्नाचा वाढदिवस साजरा करायला! मी लेकीच्या खोलीत का झोपते, तर आपण घोरतो म्हणून, असं वाटत असेल. म्हणून इथेही आपणहून सोफा घेतला. मी हंस सोडवले तेव्हा काय वाटलं असेल? केकच्या सुरीवरून हात काढून घेतला तेव्हा?

आणि दुसरंही डोक्यात येतं. कोणाला काही कळलेलं नाही. मी बोललेच नाही असं समजलं तर? खोलीवाल्या बाईला नको म्हणायचं आणि संपलं. पण मग ती खिडकी? ती मला अजून हवीय, हेही खरं आहे. कानांनी अधू आहे म्हणून राहायचं का? आणि अधू आहे हे कळल्यावर निघून जायचं, ते तरी कसं?

जेवणानंतर गॅलरीत गेले आणि यांच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत बसले. तोंड त्यांच्याकडे करून. हवा काय छान आहे, इतकंच म्हटलं. आणि हे बोलायला लागले. मोजेवाल्याचे मोजे रोज नवे असतात की धुतलेले, इथपासून सुरुवात. मग दुकानात आलेली ती लहान मुलगी, पहिल्यांदा चष्मा लावून झाडाला पानं असतात म्हणून ओरडली होती ती. मला वाटलं होतं ती फक्त मलाच आठवते. न्यायाधीशांच्या बायकोची नक्कल केली. चांगली केली. मी पोट धरून हसले.

आत येऊन मला इतका राग आला. इतकं सोपं होतं? नुसतं खुर्ची बदलण्याइतकं? मग इतकी वर्षं या माणसाने तोंड का नाही उघडलं, आणि मी तरी बाजू का नाही बदलली?

ठरवलंय. उद्या उतरायच्या आधी सांगणार. समोर बसून. राहिले तर सांगून राहीन, गेले तर सांगून जाईन. न सांगता राहिले तर यांच्या कानासारखंच तेही लपवत बसायचं जन्मभर. यांना धक्का बसेल. बसू दे.

१८ जानेवारी

सांगितलं. गॅलरीत, समोर खुर्ची ओढून, सावकाश. हे माझ्या ओठांकडे बघत राहिले. 'बरं' म्हणाले नाहीत.

म्हणाले, 'हे तू दुकानात सांगितलंस ना. मशीनवरच्या आरशात दिसलं मला. बेकरी, पूर्वेची खिडकी, एका माणसाला पुरे.'

मी विचारलं, मग नुसतं बरं का म्हणालात?

'तू माझ्या पाठीला सांगत होतीस. वाटलं, तुला आता माझं तोंडही बघायचं नाही. मग मी काय म्हणून वळायचं?'

लेक खाली धक्क्यावर आलीय, दोन्ही हात हलवतेय. 'तिला काय सांगायचं?' यांनी विचारलं आणि माझ्याकडे बघत थांबले. मी वही घेऊन न्हाणीघरात शिरले, कडी लावली. बॅगा गेल्या. मोजेवाला बाहेर आरसा उचलून परत जागेवर नेतोय वाटतं. हे दाराशी उभे आहेत, खालच्या फटीत सावली दिसतेय. आतून काही बोलून उपयोग नाही, त्यांना ऐकू जाणार नाही. दार उघडावं लागेल.