रुखवतातला ट्रक

नोएडा,
नोव्हेंबर १९९९

प्रिय साकेतदादा,

आधीच सांगून टाकते, हे पत्र माझ्या लग्नाला ये म्हणून लिहिलेलं नाही. ते आईने पत्रिकेवर हळदकुंकू लावून केव्हाच कळवलंय, आणि तुझा फोनही आला, की डिसेंबर संपेपर्यंत बंगलोरमधून हलता येणार नाही, २००० साल लागायच्या आत सगळ्या जगातल्या कॉम्प्युटरांची वर्षं तुलाच दुरुस्त करायची आहेत वगैरे. ठीक आहे. मी वाद घालत नाही. मला तुला दुसरंच काहीतरी सांगायचंय आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. दादा, तुझा ट्रक पूर्ण झाला! हो, तोच. तू बारावीत असताना सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये जेवायच्या टेबलावर सुरू केलेला आणि नंतर अर्धवट टाकलेला, लांब नाकाचा, मागे कंटेनरचा ट्रेलर असलेला. आणि नुसता पूर्ण नाही, त्याला इंजिन आहे, बॉनेट उघडतं, आणि एअर ब्रेक आहेत. दाखवायचे नाहीत, लागणारे!

झालं असं की ऑगस्टमध्ये आईने रुखवताचा विषय काढला. अंशुमनची आई, माझ्या होणाऱ्या सासूबाई सुनीतीकाकू, पुण्याच्या. तेव्हा आपल्या आईला एकच घोर, की दिल्लीत राहून हे लोक सगळं विसरले असं कोणी म्हणता कामा नये. चिरोटे, अनारसे, सुक्या खोबऱ्याच्या वाटीची विहीर, सगळं ठरलं. मुलीच्या हातचं पण काहीतरी हवं ना, म्हणाली. माझ्या हातचं! मला साधा टाका घालता येत नाही. म्हणून जुनं काही भरतकाम वगैरे सापडतंय का बघायला मी स्टुलावर चढून लोखंडी कपाटावरचे खोके उतरवले, तर त्यातल्या एकात बाबांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला तुझा ट्रक. मला तर वाटलं होतं तो क्वार्टर सोडताना भंगारवाल्याकडे गेला. आईला विचारलं, तिला माहीत नाही. म्हणजे मफलर कोणी गुंडाळला हे तूच समज.

बाबा मार्चमध्ये रिटायर झाल्यापासून कसे झालेत तुला माहीत नाही. आमच्या सोसायटीत अर्धे फ्लॅट रिकामे, लिफ्ट कधी चालते कधी नाही, बाल्कनीतून एकीकडे म्हशी आणि एकीकडे क्रेन. बाबा तिथे खुर्ची टाकून तोच पेपर सकाळी वाचायचे आणि संध्याकाळी परत वाचायचे. फरिदाबादच्या फॅक्टरीत तीस वर्षं ब्रेक डिझाइन करणारा माणूस, आता आईने मागितल्या तर भेंड्या पुसून द्यायचे. मी तो ट्रक त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, बाबा, हे माझं रुखवत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बॉनेट उचललं, आत बघितलं आणि म्हणाले, यात इंजिनच नाही. मी म्हटलं, मग बसवू या.

आईचा आरडाओरडा काय सांगू! रुखवतात ट्रक? लोक म्हणतील मुलगी ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिली. आणि बंद बॉनेटखालचं इंजिन बघायला कोण येणार आहे, मरायचं कशाला एवढं? मी म्हटलं, करंजीतलं सारणही बाहेरून दिसत नाही, मग तू यंदा बिनसारणाच्या कर. तेव्हापासून तिने विरोध सोडला नाही, पण आवाज कमी केला.

दादा, तुला आठवतं? तू आणि बाबा टेबलावर बसायचात आणि मला फक्त फेविकॉल आणायला पाठवायचात. फार तर टॉर्च धरू द्यायचात, आणि हात हलला की ओरडायचात. आता बघ माझे ठाठ! इंजिनवरून जाणाऱ्या तारा मी टेलिफोनच्या केबलमधून काढल्या, छान लाल लाल, प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एकेक टोपी बसवली आणि बाबांना दाखवायला नेलं, तर ते हसता हसता खोकायलाच लागले. मी डिझेल इंजिनला स्पार्क प्लग लावले होते, यार! माझ्या स्कूटरला असतात तसे. हसून झाल्यावर त्यांनी ते सगळं काढलं आणि पंपापासून निघणाऱ्या सहा बारीक तांब्याच्या नळ्या वाकवायला शिकवल्या. सगळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर एका सिलिंडरला डिझेल आधी आणि एकाला नंतर मिळेल, म्हणाले. बाबा, हे इंजिन चालणार नाहीये, म्हटलं. म्हणाले, त्याला काय माहीत?

पंखा तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा आहे, त्याचा पट्टा म्हणजे रबरबँड. तेल गळून काळं पडलेलं दिसावं म्हणून आईचं काजळ आणि खोबरेल चोपडलंय. आईला वाटतं डबी मोलकरणीने नेली. तू काही बोलू नकोस.

पण ब्रेकची नीट माहिती हवी म्हणून बाबा म्हणाले, खरा ट्रेलर खालून बघायला हवा. मला वाटलं आयुष्य त्यातच गेलंय यांचं, आता काय बघायचंय? पण फॅक्टरीत ते ब्रेक बघायचे, ट्रकवर बसल्यानंतर त्याची नळी कुठून कशी जाते, कुठे घासते, ड्रायव्हर तिला कशाने बांधतात, हे त्यांनी फुरसतीने कधी बघितलंच नव्हतं. आम्ही लग्नाच्या चादरी आणायला पानिपतला गेलो होतो, तर येताना एका ढाब्यावर बाबांनी गाडी थांबवली आणि सरळ एका उभ्या ट्रेलरखाली शिरले. मी टॉर्च धरून. आई गाडीत चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये, फणकारत. तेवढ्यात ड्रायव्हर खाटेवरून उठून धावत आला, हात जोडून म्हणतो, साहब, काग़ज़ सब पूरे हैं, चाय पी लीजिए. त्याला वाटलं आरटीओवाले! बाबा बाहेर आले, कपाळावर ग्रीस, आणि म्हणाले, आपकी लाल वाली नली घिस रही है, बदल दीजिए. मग दोघे त्याच खाटेवर बसून नळीवर जे बोलत राहिले, ते आईने हॉर्न वाजवेपर्यंत. इतक्या दिवसांनी त्यांना असं मोकळं बोलताना बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता खरी गंमत. पहिल्यांदा ब्रेक मीच बसवले होते. बाबांना सरप्राईज म्हणून, ते दुपारी झोपलेले असताना. केमिस्टकडून छोट्या सिरिंज आणल्या, सलाईनची नळी आणली, चाकाशी सायकलच्या ब्रेकच्या रबराचे तुकडे लावले. पंपाने हवा भरली की सिरिंजचा दांडा पुढे येतो आणि रबर चाकाला दाबतं. बिल्कुल स्कूटरसारखं, दाबलं की लागला. बाबांनी बघितलं आणि नुसतं हं म्हणाले. मला वाटलं खूश झाले. गणपतीत तो ट्रक आम्ही सजावटीत ठेवला. आरती रंगात आलेली, शेजारचे लोक टाळ्या वाजवतायत, टेबल हलतंय, आणि नळीतली हवा हळूहळू निघून गेलेली. ट्रक सुटला रे! गणपतीसमोरून जो निघाला तो थेट मोदकांच्या ताटात. रेडिएटरमध्ये सारण! सगळे हसत होते, मी तर पोट धरून. पण बाबा हसले नाहीत. ट्रक उचलून आत घेऊन गेले आणि नैवेद्य झाला तरी बाहेर आले नाहीत.

मी आत गेले तर ते सगळं सोडवून बसलेले. म्हणाले, मला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तू एवढी खूश होतीस. उभ्या गाडीचा ब्रेक असा नसतो. यात हवा गेली की गाडी सुटते. खऱ्या रस्त्यावर माणसं गेली असती. मग त्यांनी बॉलपेनची स्प्रिंग काढून मला दाखवलं. स्प्रिंग चाकाला दाबूनच ठेवते, कायम. हवा भरली की ती स्प्रिंगला मागे रेटते आणि चाक मोकळं होतं. हवा गेली, नळी तुटली, की ट्रेलर आपोआप जागच्या जागी उभा. आणि ती स्प्रिंग बोटांत दाबत म्हणाले, गाडी थांबवायला काही लागत नाही गं, स्प्रिंग आहेच. खरं काम असतं ते सोडायचं.

 मला तू घर सोडलंस तो दिवस आठवला. बाबांनी लावून दिलेली फॅक्टरीतली नोकरी सोडून तू बंगलोरला निघालास, आणि बाबा काहीतरी लागट बोलले, आणि तू म्हणालास, तुमचं सगळं आयुष्य लोकांना थांबवण्यात गेलं, मी थांबणार नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होते. दोन वर्षं झाली. तू आईशी फोनवर बोलतोस, माझ्याशी बोलतोस. बाबा फोन वाजला की बाल्कनीत जातात, पण दार लावून घेत नाहीत, हे तुला इथून कोणी सांगितलं नसेल. तुझं नाव मात्र त्यांनी या दोन वर्षांत घेतलेलं नाही, मला तरी ऐकू आलं नाही.

तर नवीन ब्रेक बसले. ट्रकखाली बाबांनी झाळून केलेली पितळी टाकी आहे, तिला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह. पंप मारला की हवा टाकीत, टाकीतून ट्रकच्या पाठीमागे, तिथून लाल नळीने ट्रेलरला, आणि ट्रेलरची चाकं सुटतात. ती लाल नळी म्हणजे कमाल आहे! स्प्रिंगसारखी वेटोळी, वळणावर ताणली जाते आणि परत गोळा होते. बाबांनी ती आईच्या विणायच्या सुईवर गुंडाळून उकळत्या पाण्यात धरली, तेव्हा कुठे तसा पीळ बसला. दोन टोकांना भाताच्या दाण्याएवढ्या पितळी जोडण्या. कंटेनरमध्ये रुखवताचे लाडू भरायचे, ट्रक उतरत्या फळीवर मुलीकडच्या टेबलापाशी उभा करायचा, आणि सगळ्यांसमोर नळी जोडून पंप मारायचा, की ट्रक लाडू घेऊन आपला आपण सुनीतीकाकूंच्या पुढ्यात! अंशुमनला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, लग्नाचे विधी जरा लवकर उरकू या.

कान पिळायला राघव तयार आहे, काळजी करू नकोस. चुलत असला तरी भाऊच आहे, आणि त्याचा हात असला भक्कम आहे की अंशुमनची मला दया येते.

गेल्या रविवारी सगळं जुळलं. फक्त नळी जोडायची राहिली होती. मी पंप घेऊन तयार, आईसुद्धा हात पुसत आली, वर म्हणते सहज आले. बाबांनी नळी उचलली, खाली वाकले, आणि तसेच थांबले. मग उठून ती माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, ही राहू दे. ही साकेत लावेल. त्याची बोटं बारीक आहेत.

दादा, साकेत म्हणाले. आई तिथेच खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. बाबा तिला म्हणाले, अगं, बोटांचं बोलतोय मी, आणि बाल्कनीत जाऊन तोच पेपर उघडून बसले.

म्हणून हे पत्र. पाकिटात खाली चाचपून बघ, कापसात गुंडाळलेलं काहीतरी लागेल. हो, तीच. मी बाबांना न सांगता उचलली आहे. गेले दोन दिवस ते ती सोफ्याखाली, गादीखाली, अगदी आईच्या डब्यातसुद्धा शोधतायत. दुसरी करायला त्यांना एक संध्याकाळ पुरेल. सुई आहे, नळीचा तुकडा उरलाय. पण करत नाहीयेत, नुसते शोधतायत. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, लग्नाच्या दिवशी, ट्रक लाडू भरून फळीवर उभा असेल, चाकं धरून. तू आला नाहीस तर तो तिथून हलणार नाही, आणि मी काही तो हाताने ढकलणार नाही. आणि ही नळी पोस्टाने परत पाठवलीस तर याद राख, मी ती घेणार नाही.

टॉर्च मी धरेन. या वेळी हात हलवणार नाही.

तुझीच, फेविकॉल आणून देणारी,
पूर्वी