तिसऱ्या टेकडीची भेग

६ नोव्हेंबर १९९८
अल मजाजच्या घरून निघताना बायकोने, उर्मिलाने, थालीपिठं बांधून दिली. दुपारी पोचलो. डोंगरांच्या आत तीन काळ्या टेकड्या आहेत, कधीकाळचे ज्वालामुखी. पायथ्याशी गरम पाण्याची कुंडं, वर खडकांच्या भेगांतून वाफ. इथे हॉटेल होतंय. माझं काम सोपं आहे: सकाळ-संध्याकाळ तापमान रजिस्टरमध्ये लिहायचं. मॅनेजर सूर्यकांतसाहेब साताऱ्याचे. माझा पासपोर्ट कपाटात ठेवत म्हणाले, "मुरलीधर, आता तू घरचाच." आचारी अलीमियाँनी बिर्याणी केली होती. जेवून कुंडात पाय सोडून बसलो. काय सुख!

९ नोव्हेंबर
तिसऱ्या टेकडीची भेग रोज तापत चाललीय. साहेब म्हणाले, उतरतं आपोआप. माझ्या आधी श्रीनाथ हे काम करायचा. तो कुठे गेला, जेवताना साहेबांना विचारलं. "खलास, इंडियाला गेला." अलीमियाँ मात्र अर्धं जेवण टाकून उठले.

१२ नोव्हेंबर
जुनं रजिस्टर चाळलं. भेगेचं तापमान चढत चढत नव्व्याण्णवला पोचतं आणि दुसऱ्या दिवशी एकदम चाळीस. त्याच दिवशी अक्षरही बदलतं. काही दिवस साहेबांचं अक्षर, मग नव्या माणसाचं. असं चार वेळा झालंय. शेवटचा श्रीनाथ.
योगायोग असेल.

१४ नोव्हेंबर
पंच्याण्णव. गुरुवारी उद्घाटन, पाहुणे येणार. पासपोर्ट मागायला गेलो तर साहेब नव्हते, कपाट उघडं. माझ्या पासपोर्टखाली श्रीनाथचा. त्याखाली आणखी तीन. तेवढ्यात साहेबांची पावलं वाजली, काही न उचलताच बाहेर सटकलो.
मग तो इंडियाला गेला कसा?

१५ नोव्हेंबर
सत्त्याण्णव. अलीमियाँ पाण्याच्या टँकरवर चढले. माझा हात धरून म्हणाले, "भाई, यल्ला, अभी चलो." पासपोर्ट घेऊन आलोच, म्हणालो. कपाटाला कुलूप. परत आलो तर टँकर गेलेला. मूर्ख मी.

१६ नोव्हेंबर
अठ्ठ्याण्णव. मी वर गेलोच नव्हतो, आकडा साहेबांनी लिहिलाय. फोन बंद. जेवताना साहेब मला पुन्हा पुन्हा वाढत होते. स्वतः काही खाल्लं नाही—नुसते बघत होते.

१७ नोव्हेंबर
सकाळचे सात. पायीच निघतो—बूट घालतोय—
दार वाजलं. साहेब. एक शेवटचं रीडिंग घेऊ, म्हणतात. आतूनच सांगितलं, थर्मामीटर फुटला.
राहू दे, म्हणतात. फक्त तू ये.
एकटे नाहीत—बिजागरी निखळतेय—उर्मिला, मी अजून जिवंत आहे, सात वाजून दहा मिनिटांनी मी जिवं—