पिंजणखात्यातला दम

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. ९ जानेवारी १९३४

चि. सिद्धाराम यास चंद्रव्वाचे तोंडभरून आशीर्वाद.

आमी खुशाल हाय असं लिवायची रीत, पर ह्या खेपेला ते खोटं व्हईल. तुझ्या दाजींचा दम लई वाढलाय. गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात उभा जन्म गेला. घरी येतात तवा मिशा, भुवया पांढऱ्याफेक. सुट्टीला जरा बरं असतं, पुन्हा कामावर गेले की छातीवर जातं ठेवल्यावानी व्हतं म्हणतात. वैद्य क्षय म्हणाला. तवापासून शेजारणी पोरांना आमच्या दारात खेळू देत न्हाईत.

तू मुंबईत फुप्फुसाचाच अभ्यास करतोस की. दाजी थट्टेनं म्हणतात, मेव्हण्याला डाक्टर केला, त्याचा आता मलाच उपयोग होऊ दे. एकदा येऊन जा. लग्नाचा विषय टाळून पत्रं लिवतोस, ते बी कळतंय मला.

अक्कावर जीव असू दे.
चंद्रव्वा

परळ, मुंबई
ता. २ मार्च १९३४

ती. अक्काच्या चरणी सिद्धारामचा सा. न. वि. वि.

दाजींना तपासून आलो, त्यांची थुंकी इथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तीत क्षयाचे जंतू नाहीत. शेजारणींना खुशाल सांग, हा आजार कुणाला लागणारा नाही. तो कापसाच्या धुळीचा असावा, असा माझा संशय आहे. त्या खात्यातल्या ज्या ज्या कामगारांची छाती मी तपासली, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार दाजींसारखीच. पण गिरणीचे डॉक्टर म्हणतात, हा विड्यांचा खोकला. आणि आमच्या प्रयोगशाळेचे साहेब म्हणतात, एखादं फुप्फुस उघडून पाहिल्याशिवाय धुळीला दोष देता येत नाही.

अक्का, आता मन घट्ट करून वाच. दाजी आता बरे होणार नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, म्हणून मी त्यांना सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, मी गेल्यावर माझी छाती उघडून बघ, पण चंद्रव्वाला विचारून. म्हणून विचारतो. तू म्हणशील तेच होईल.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
सिद्धाराम

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. २१ जून १९३४

चि. सिद्धाराम यास आशीर्वाद.

तार मिळाली असंल. तुझे दाजी गेले. आडवं पडलं की दम कोंडायचा, म्हणून शेवटी शेवटी भिंतीला टेकूनच असायचे. तसेच बसल्या जागी गेले. जंगमस्वामी आले, विभूती लावली, हातात लिंग दिलं. आपल्या रीतीनं मातीत बी बसवूनच ठेवलं.

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं न्हाय. त्यांनी मला लई विनवलं. म्हणायचे, अगं, मातीच खाणार की शेवटी, त्यापरीस सिदूला बघू दे. मी म्हटलं, ज्या छातीनं इतकं सोसलं तिला मी सुरी लावू देणार न्हाय. तुमी कितीबी सांगा. मग तो विषय त्यांनी काढलाच न्हाय.

रागवायचं असंल तर रागव, पर हितं येऊन रागव. घर खायला उठतंय.
तुझी अक्का

परळ, मुंबई
ता. ३ ऑगस्ट १९३४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्याकडे आलो तेव्हा हे तोंडून निघालं नाही. तार वाचली तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं. ज्यांनी मला खांद्यावर बसवून गड्ड्याची जत्रा दाखवली, त्यांच्यावर सुरी चालवायला माझाच हात लागला असता. मग मात्र रडलो.

साहेबांनी सरकारला अहवाल पाठवला: कामगारांचा दमा कापसाने होतो, याला पुरावा नाही. मला दुसऱ्या कामावर घातलं आहे. हे तुझ्यामुळे झालं असं मनात आणू नकोस. मी आणत नाही.

दोन ओळी तरी लिहीत जा. वाट बघतो.
सिद्धाराम

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १६ नोव्हेंबर १९३४

चि. सिद्धाराम यास आशीर्वाद.

मागल्या गल्लीतली निंगव्वा काल आली. तिचा नवरा ह्यांच्याच खात्यातला. आता त्याला बोलता बोलता थांबावं लागतं. तू त्याची छाती तपासली व्हतीस, ते त्याच्या ध्यानात हाय. तो म्हणतोय, माझी छाती डाक्टरला द्या. निंगव्वा मला विचारत व्हती, काय करू अक्का?

मी उठले, चुलीतली लाकडं पुढं सारली, परत आले. ती बसलेलीच. तिला न्हाय म्हणायला तोंड उघडलं, आन् दे म्हणाले. भावकी मातीला यायची न्हाय, तुला वाळीत टाकतील, हे बी सांगितलं. ती लई रडली. मग व्हय म्हणाली.

माझ्या माणसाला मी दिलं न्हाय आन् तिच्या माणसाला दे म्हणते, हे कसं, ते मला विचारू नको. माझं मलाच उमगलं न्हाय. तुझ्या साहेबाशी आत्ताच बोलून ठेव. तार केली की नीघ. तू आत काम करशील तवर दवाखान्याच्या पायरीवर मी निंगव्वापाशी बसून राहीन. दुसरं कुणी बसायचं न्हाय.

माया हायच, ती वेगळी लिवत न्हाय.
चंद्रव्वा