बाबांच्या किल्लीची सीट

मंगळवार, सोलापूर

आज बाबांवर उगाच ओरडले. फिट आल्यापासून डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केलीय, आणि त्यांची किल्ली आईकडे असते. तरी रोज भांडण. "माझी किल्ली दे की. मला काय झालंय?"

ज्याची किल्ली, त्याच्या मापाला आमच्या गाडीची सीट आपोआप येते. आज माझ्या किल्लीनं उघडली तर सीट सरकली. म्हणजे मधे कुणीतरी गाडी नेली होती. बाबाच, दुसरं कोण? तोंडाला येईल ते बोलले.

शेवटी आईच म्हणाली, "मी चालवली. होटगी रोडच्या पुढं, मोकळ्यावर. हे शेजारी बसून शिकवतात. तू ऑफिसात असताना ह्यांना परत तसं झालं तर मी कुणाची वाट बघू?"

आईकडं लायसन नाही, काही नाही! पण सीट माझ्यासाठी मागं सरकली होती, हे रागात लक्षातच आलं नाही. बाबा तर माझ्यापेक्षा उंच, त्यांनी नेली असती तर सीट पुढं आली असती.

आईकडून बाबांची किल्ली घेऊन खाली गेले, लावून बघितली. सीट पार स्टिअरिंगजवळ आली, आईच्या उंचीला. स्वतःचं माप पुसून बाबांनी तिचं भरून ठेवलंय.

मी वर आले तर बाबांचं पुन्हा तेच. "माझी किल्ली कधी देणार?"

मला भांडता आलं नाही.