करंटिणीची लेक

माय, पोरगी सकाळपासून तापलीय, आणि तिच्या काखेत हात घालायचा सोडून मी तुला लिहीत बसलेय. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तर एवढं मोकळं लिहिता येतंय. नाहीतर तुझ्यापुढं तोंड उघडायची छाती होती कुणाची? बाहेर हे गाडी जुंपायला लागलेत. म्हणतात, नेकनूरला बहिणीकडं जाऊ, तिच्या शेतात राहू, पोर होईल बरी. मी बघितलं आणि हाताला गाठ लागली, तर मला सफाईच्या दरोग्याला सांगावंच लागेल. मग पोर नदीपल्याडच्या छावणीत जाईल, आणि तिथनं माघारी किती येतात ते मी बघतेय. बघितलंच नाही, तर गाडी आत्ता निघते. मग नेकनूरचं काय होईल, तेही मला माहीत आहे. माहीत असणं हाच माझा धंदा ना, तूच गळ्यात घातलेला.

तू आधी साधी सुईण होतीस. गाठीची बीमारी शहरात शिरली, माळवदातनं उंदीर पटापटा पडायला लागले, आणि सफाईच्या सरकारी महकम्याला कळेना की बायांना तपासायचं कुणी. परक्या गड्याला काखेत, जांघेत कोण हात लावू देईल? मग डॉक्टरसाहेबांनी तुला बोलावलं. कुणाच्या घरी ताप, कुणाच्या छपरात उंदीर मेला, कोण कुणाच्या मयताला गेलतं, हे विचारत तू गल्लोगल्ली फिरायचीस आणि सगळं तोंडपाठ साहेबांना सांगायचीस, म्हणजे पुढची गल्ली कुठली रिकामी करायची ते त्यांना कळायचं. बागवानांच्या मोहल्ल्यातली ती म्हातारी तुला म्हणालेली, "हात तो नरम है गे तेरा, मगर नसीब लई कडक लाती." घरी येऊन तू ते हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही.

छावणीत डांबण्याला साहेब लोक क्वारंटीन म्हणायचे. लोकांच्या तोंडी त्याचं करंटीन झालं, आणि करंट्या बाईला करंटीण म्हणावं तसं ते नाव तुलाच चिकटलं. "करंटीण आली गं, करंटीण आली!" की धडाधड दारं लागायची. मी करंटिणीची लेक. मी दिसले की मैत्रिणी खेळ मोडून घरात पळायच्या. एकदा तू भाकरी थापत होतीस, तेव्हा मी चिडून म्हटलं, "एखाद्या घरी न्हाई म्हण की! गाठ असली तरी न्हाई म्हण. काय बिघडतंय तुझं?" पीठ भरलेल्या हातानंच तू थोबाडीत ठेवून दिलीस. "एका घरात न्हाई म्हणलं की गल्ली जाती," म्हणालीस, "आन् त्या गल्लीत तुझ्यावाणी पोरी हायत." मग तीच भाकरी मला वाढलीस. मी उपाशी निजले.

आणि मग मलाच ताप भरला. तू कामावरनं येतेस, लाल दवेच्या पाण्यानं हात धुतेस, माझ्या जांघेत बोटं दाबतेस आणि उठतेस. सरळ दारात जाऊन ओरडतेस, "दरोगासाब, आमच्या घरी हाय!" दुसऱ्याच्या दारात ओरडायचीस तशीच. रोज शिव्या देणारी गल्ली त्या दिवशी दारं उघडी ठेवून बघत होती. छावणीत मला चटईवर टाकलं. शेजारच्या चटईवरची बाई कण्हत होती, ती एका सकाळी कण्हेना. तू रोज यायचीस, काट्याच्या कुंपणापलीकडं उभी राहायचीस, शिपायाच्या हाती भाकरी द्यायचीस, विचारायचीस, "फुटली का गाठ?" दुसरं काही नाही. फुटली एकदाची, वाचले मी.

तू गेलीस ती साध्या हिवतापानं, आणि तुझी जागा साहेबांनी मला दिली. "माँ गई तो बेटी है," एवढंच म्हणाले. नको म्हणायची सोय कुठं होती? बरं, आता बीमारी पुन्हा आलीय आणि मी अगदी तुझ्यासारखीच झालेय, हे सांगायला लाज वाटते. परवा नेकनूरच्या वाटेवर नाक्यापाशी एक गाडी थांबवली. कडब्याखाली तापलेलं पोर लपवलेलं. त्याची आई पाया पडली, म्हणाली, "बाई, तुला लेकरू हाय का?" मी म्हटलं, "हाय." आणि गाडी माघारी फिरवली. तिनं दिलेल्या शिव्या अजून कानात आहेत. आज त्याच वाटेनं माझी गाडी निघायचीय. माझ्याच नाक्यावर मला कोण अडवणार? शिपाई तर सलाम ठोकतील. हे बाहेरून तिसऱ्यांदा विचारताहेत, "अगं, बघितलंस का? न्हाई ना काही? मग चल की." मी म्हणते, "अजून बघितलं न्हाई." माय, इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ते हेच. उठते आता.

बघून आले. मी जवळ बसले, तर मी काही बोलायच्या आधीच पोरीनं आपणहून हात वर केला. एवढीशी चिमुरडी! मी घरोघर काय करत फिरते ते तिला ठाऊक. म्हणाली, "आये, हळू बघ." गाठ आहे. लहान आहे, पण आहे. बाहेर आले तर ह्यांनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता बैल सोडले. मग हे जू धरून उभ्या उभ्या रडले. मी दरोग्याकडं निरोप धाडलाय. छावणीची गाडी येईल तेव्हा मी पोरीसंगं आत जाणार. साहेब म्हणतील, गल्ल्या कोण बघणार? बघेल दुसरं कुणी. नोकरी घालवली तर घालवू देत. तापलेल्या घरातलं कापड-कागद सगळं जाळतात, त्यात हाही जाईल, म्हणून लिहून टाकते. तू दारात ओरडलीस ते बरोबरच होतं, आज पटलं. पण आयांना आत येऊ देत होते, माय. शेजारच्या चटईवरच्या बाईची आई आत आली होती. तू आली नाहीस, ते मी अजून माफ केलेलं नाही.