जॅरडला बसवा

वॉरिगल फ्लॅट
शुक्रवार, १२ जुलै १९९६

ग्लेन,

आईचा आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा दुखतो, तो दुखणारच. खाणीवर जेवायला काय देतात ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे चांगलं देत असतील. वाईट असतं तर पानभर लिहिलं असतंस.

फोन का उचलत नाहीस ते विचारत नाही. पत्र तर पत्र. माझं अक्षर असलंच आहे, शाळा लवकर सुटली, लावून घे.

इथं थंडी. सकाळी गवत पांढरं असतं आणि मागच्या नळाला गरम पाणी ओतल्याशिवाय थेंब येत नाही. मेंढ्या व्यायला लागल्यात. नेव्ह हार्टविगची कोकरं कोल्ह्यानं नेली, तो सगळ्यांना सांगत फिरतो, जसं काही कोल्हा त्याच्याकडेच येतो.

आता फुटबॉल क्लबचं. तुला तेच हवं असणार.

तुझ्या जागी आणलेला कोच स्टॅन्टन शहरातला आहे. केस चापून बसवतो. फळ्यावर बाण काढतो, लाल आणि निळे. काल गुरुवार, पोरांचा सराव झाला, सूप वाटून झालं आणि नेव्ह शनिवारचा संघ वाचायला खुर्चीवर चढला. अध्यक्ष आहे पण उंची नाही ना. हॉल गच्च. तू गेल्यापासून जास्तच भरतो, भांडायला मिळतं. पहिलंच नाव वाचलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, “त्याला कशाला घेतला? त्याला चेंडू दिसला की शिंका येतात!”

“मग तू खेळ की लेका.”

“माझी कंबर गेलीय, अक्कल नाही गेली.”

“अक्कल होती कधी?”

मग बाणांवर घसरले. “हे लाल कोण आणि निळे कोण? आपण निळे की मेंढरं निळी?” स्टॅन्टन हसला नाही. तो हसत नाही. तेवढ्यात कँटीनमधल्या डल्सीचा नवरा म्हणाला, “ग्लेन असता तर दोन उंच पोरं पुढं ठेवली असती.” त्याला कुणीतरी म्हणालं, “ग्लेन असता तर आपण तळाला असतो. होतोच की.” मग त्यांना दिसलं की मी तिथंच ताटल्या पुसतेय. मी म्हटलं, “भांडा की, माझ्यासाठी कशाला थांबता? सूप गार होतंय.”

जॅरडचं नाव आलं तेव्हा टेबलं बडवली. पुढच्या टोकाला ठेवलाय, तू ठेवायचास तसाच. एवढ्या एका गोष्टीवर अख्खं गाव एक आहे. तुला काढला तेव्हा पण म्हणत होते, बाप गेला तरी चालेल, पोरगा राहिला पाहिजे.

तू लिहिलंयस की कमिटीत पाच विरुद्ध चार झालं, ते चार तरी आपले, त्यात तुझा हात होता आई, हे मी विसरणार नाही. आणि मग पाच जणांची नावं ओळखायचा खेळ केलायस. नेव्ह, दुकानवाला, अमका, तमका. सोड आता. झालं ते झालं. तुला काढायला कारणं पुष्कळ होती. तू हरत होतास. म्हाताऱ्या खेळाडूंशी भांडलास. बर्फ पडल्यासारख्या थंडीत पोरांना अनवाणी पळवलंस. मी कमिटीत फक्त कँटीनसाठी बसते, तुला माहीत आहे.

जॅरड बरा आहे. खातो, झोपतो. झोपतो जास्त. जूनमध्ये केटल क्रीकच्या मैदानावर त्याच्या डोक्याला गुडघा बसला, तू त्याला उठवून परत आत पाठवलंस, आपण जिंकलो. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात परत बसला, परत पाठवलंस. तेव्हापासून दिवा लावला की तोंड वळवतो. मंगळवारी मला विचारलं, “आजी, जेवायला काय?” मटण म्हटलं. हात धुऊन आला आणि परत विचारलं, “आजी, जेवायला काय?” पोरं ऐकत नाहीत बोललेलं, ते पण असेल.

एक काम कर. त्याला फोन कर आणि सांग, हा हंगाम बाहेर बस. माझं ऐकत नाही. त्याची आई अ‍ॅडलेडला, ती नाताळला कार्ड पाठवते, तिचं काय ऐकणार. तुझं ऐकेल. तुझं एक वाक्य पुरे.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. ते घाल. देऊन टाकू नकोस.

आई


वॉरिगल फ्लॅट
रविवार, १ सप्टेंबर १९९६

ग्लेन,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच. गाडी चालवताना मांडीवर ठेवून वाचायची तुझी सवय आहे.

आपण काल हरलो. फायनलच्या बाद फेऱ्यांतली पहिलीच आणि बाहेर. नऊ गुणांनी, दोन गोल पण नाहीत. तुला नेव्हनं कळवलं असेल, बाकीचं पण कळवलं असेल, पण नेव्ह कळवतो तेव्हा त्यात नेव्ह जास्त असतो. म्हणून मी लिहिते.

तू फोन केलास, ठीक. पण काय सांगितलंस ते जॅरडनंच मला सांगितलं, आनंदानं सांगितलं. “बाबा म्हणाले, फायनलपर्यंत ताणून धर.” आणि मला लिहिलंस, आई, तुला खेळातलं कळत नाही.

नसेल कळत. मी चाळीस वर्षं कँटीनच्या खिडकीतून बघितला. खिडकीतून अर्धंच मैदान दिसतं.

ऑगस्टच्या मधल्या शनिवारी त्याला तिसऱ्यांदा लागलं. कुणाचा गुडघा नाही, खांदा नाही, नुसता जमिनीवर आपटला आणि हात पुढं ताठ करून पडून राहिला, झोपेत गाडी चालवावी तसा. मग उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लेमनं त्याला बाजूला आणून बसवला. क्लेम आता पाय चोळून देण्याबरोबर डोक्याचं पण बघतो, त्याला प्रश्न पाठवलेत वरून, संघटनेकडून. कुठल्या मैदानावर आहेस, कितवा डाव चाललाय, गेल्या शनिवारी कुणाशी खेळलो, जिंकलो का. बरोबर सांगितलं की परत आत.

पोरांनी त्यावर उपाय काढलाय. सामन्याआधी कँटीनच्या मागं, जिथं आम्ही गॅसच्या टाक्या ठेवतो, तिथं एकमेकांचा पाठ घेतात. एक क्लेम होतो, दुसरा उत्तरं देतो. मला सगळं ऐकू येतं. जुलैत, केटल क्रीक इथं येऊन हरून गेलं त्याच्या पुढच्या शनिवारी, जॅरडचा पाठ घेतला होता. “गेल्या शनिवारी कुणाशी?” “केटल क्रीक.” “जिंकलो?” “जिंकलो, दोन गोलनी.” हसत होते. मला वाटलं खेळतायत.

तर त्या दिवशी क्लेमनं विचारलं, गेल्या शनिवारी कुणाशी? जॅरड म्हणाला, केटल क्रीक. जिंकलो? जिंकलो, दोन गोलनी. धाडधाड बोलला, पाढे म्हटल्यासारखा. ग्लेन, गेल्या शनिवारी आपण केटल क्रीकशी खेळलोच नव्हतो. त्या आठवड्यात सुट्टी होती. कुणाशीच खेळलो नव्हतो. आणि क्लेम काय म्हणाला? “शाब्बास.” पाठीवर थाप मारली आणि पाठवला आत. क्लेमचं उत्तराकडे लक्षच नव्हतं, त्याचं लक्ष फळ्यावरच्या गुणांकडे.

मी खिमा पॅटिस देत होते. देत राहिले. गिऱ्हाईकाला सुटे पैसे चुकीचे दिले असतील.

घरी आल्यावर स्टॅन्टनकडे गेले. म्हटलं, पोराला बसवा. तो म्हणाला, “मावशी, त्यानं सगळी उत्तरं बरोबर दिली.” मी म्हटलं, दिली नाहीत. तो म्हणाला, “क्लेम म्हणतो दिली.” आणि मग म्हणाला, “त्याच्या वडिलांची पण परवानगी आहे.” तुझी. मग मी परत आले.

गेल्या गुरुवारी फायनलचा संघ वाचायचा होता. हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. डल्सी सूप ढवळत होती, मी पाव कापत होते. भांडण जोरात, स्टॅन्टनला ठेवायचा की पुढच्या वर्षी दुसरा आणायचा. “फायनलला नेला ना त्यानं!” “संघ ग्लेनचा होता, ह्यानं फक्त बाण काढले!” तुझं नाव आता चांगलं घेतात, ऐकून बरं वाटेल. मग नेव्ह खुर्चीवर चढला. पुढच्या टोकाला, जॅरड पास्को. टेबलं बडवायला लागले.

मी सुरी खाली ठेवली आणि बाहेर आले. म्हटलं, “जॅरडला बसवा.”

कुणीतरी म्हणालं, “आजीबाई पण संघ निवडायला लागल्या!” हसले. मी हसू दिलं. मग सांगितलं. तो रात्री अंगणात गाडी चालू करून बसतो आणि कुठं जायचं ते त्याला आठवत नाही. त्यानं मला दोनदा त्याच्या आईच्या नावानं हाक मारली. सुट्टीच्या शनिवारी आपण केटल क्रीकला हरवलं असं तो सांगतो, आणि क्लेम त्याला शाब्बास म्हणतो. सगळं बोलले. जॅरड तिथंच होता, पोरांच्या मधे. त्याचे कान लाल झाले.

“आजी, गप्प बस ना,” एवढंच म्हणाला. हळू.

मी गप्प नाही बसले. म्हटलं, उद्या ह्याला काही झालं तर मी सांगेन की ह्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. नेव्हकडे बघितलं, नेव्ह कागदाकडे बघायला लागला. स्टॅन्टननं त्याचं नाव खोडलं. त्यानं खोडलं ते पोरासाठी नाही, स्वतःच्या नोकरीसाठी, मला चालतं.

जॅरड दार आपटून गेला. काल सामन्याला आला, कुंपणाशी उभा राहिला, कुणी त्याच्याशी बोललं नाही, माझ्याशी पण नाही. डल्सीनं तेवढा हात दाबला. बाकीच्यांनी पॅटिस दुसऱ्या खिडकीतून घेतली. घरी येऊन मी भांडी घासली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तुझे बाबा गेले तेव्हा पण आलं नव्हतं.

त्यांचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तू तेव्हा शहरात मोठ्या संघात खेळत होतास, तुला म्हटलं झटका आला. झटका शेवटी आला. त्याच्या आधी तीन हिवाळे ते घरातच होते आणि नव्हते. दोनशेच्या वर सामने खेळले, किती वेळा मैदानावरून उचलून आणले ते कुणी मोजलं नाही, तेव्हा उचललेला माणूस म्हणजे मर्द. सकाळी मी चहा दिला की म्हणायचे, “आभारी आहे बाई. माझी बायको दिसली तर सांगाल, मी इथं आहे?” मी म्हणायचे, सांगते. रोज. तुला सांगितलं नाही कारण तू चांगला खेळत होतास. पेपरात नाव यायचं. ते मी त्यांना वाचून दाखवायचे.

तर तो पाचवा हात माझा होता.

मीच वर केला. नेव्हनं मोजला आणि परत एकदा मोजला, त्याला खरं वाटेना. मला वाटलं तू कोच नसलास की दुसरा कुणी पोराला बसवेल. चूक झाली. गावाला कोच बदलता येतो, बाकी काही बदलत नाही. पण तुला काढला त्याची चूक वाटत नाही. तू त्याला दोनदा आत पाठवलास. तिसऱ्यांदा फोनवरून पाठवलास. परत मत मागितलं तर परत तेच देईन. माझा हात विसरणार नाहीस म्हणून लिहिलं होतंस, आता विसरलास तरी चालेल.

मंगळवारी, दहा तारखेला, बॅलरॅटला डोक्याच्या डॉक्टरची वेळ मिळालीय. जॅरड माझ्याबरोबर यायला तयार नाही आणि मला गाडी धान्याच्या गोदामापलीकडं नेता येत नाही. त्याला एकट्याला चालवू देणार नाही. तुझ्याबरोबर जाईल. पोचायला किती दिवस लागतात ते तुला माहीत आहे, आत्ताच निघ.

घरात यायचं नसेल तर येऊ नकोस. फाटकावरून हॉर्न दे, मी त्याला बाहेर पाठवीन.

आई