खुडूक कोंबडीखालची बातमी

ती. उत्तमदादा यांच्या पायांवर धाकट्या शालूचं डोकं. (ठेवलं असं समजा. इथून पुसेगाव लांब पडतं अन् माझी मान चार दिवसांपासून धरली आहे. काहून धरली ते पुढं येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी बीपीची गोळी पुरी घेतात का परत अर्धी तोडून खाऊन राहिल्या? गाय व्याली का? व्याली असंल तर कळवा, मी काही खरवसासाठी इचारत न्हाई. इकडं सगळे बरे आहेत. तुमचे दाजी बरे, सासूबाई बऱ्या, हळद बरी. मी बी बरी आहे. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा, कारण तुमाला फोनवर दुसरंच सांगितलेलं आहे.

परवा तुमचे दाजी बाभळीखाली जाऊन हळू आवाजात फोन करून राहिले, तवाच मी ओळखलं. (ते हळू बोलले की समजायचं, माझ्याबद्दल आहे. एरवी त्यांचा आवाज वसमतपर्यंत जातो.) शालूला बाहेरचं लागलं, रविवारी तुमच्या गावच्या देवऋषीला घेऊन या, असंच सांगितलं ना? मला काही लागलेलं न्हाई. हे फोनवर सांगितलं असतं, पण तुमी दोन वाक्यं ऐकता अन् "थांब, वहिनीला देतो" म्हणता. म्हणून कागद घेतला. चौथीचं अक्षर आहे, सावकाश वाचा अन् मधेच चहा मागू नका.

सगळ्याचं मूळ तुमचाच लाडवाचा डबा. संक्रांतीला तुमी तिळाचे लाडू धाडले (चांगले होते, पण सासूबाईंचा उरलेला एक दात हलला, वहिनींना पाक जरा आधी उतरवायला सांगा). डब्याला पेपर गुंडाळलेला होता. मी कागद टाकत न्हाई. पुढं माघात आमची ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली, तशी मी तिला बसवायला घेतली. टोपल्यात भुसा घातला, भुसा उडतो म्हणून वर तुमचा पेपर अंथरला, त्यावर तेरा अंडी मांडली, दर अंड्याला कोळशाची रेघ ओढली, अन् वर कोंबडी ठेवली. ती अंग पसरून बसली. मी हात झटकून उठते तर टोपल्याच्या कडेला, तिच्या शेपटीखालून, मोठ्या अक्षरात छापलेलं दिसलं: डायनोसॉरच्या अंगावर पिसं होती.

आता डायनोसॉर मला माहीत आहे. टीव्हीत असतात ते, जेसीबीएवढे, अंग पालीसारखं. त्यांच्या अंगावर पिसं कुठून आली? खाली बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, पण त्यावर कोंबडी बसलेली. अन् बसवलेल्या कोंबडीचं टोपलं हलवत न्हाईत, अंडी उचलत न्हाईत, हे तुमाला मी काय सांगावं? लहानपणी तुमी एक अंडं उचलून बघितलं तवा आईनं लाटण्यानं तुमची पाठ लाल केली होती. (लाटणं मीच आणून दिलं होतं. आता सांगून टाकते.) म्हणजे आली का न्हाई पंचाईत? माझा स्वभाव तुमाला ठाऊक आहे. एस्टीला पाच मिनिटं उशीर झाला तर मी पायी निघणारी बाई. अन् मला एकवीस दिवस एका कोंबडीनं बसवून ठेवलं.

ती दिवसातून एकदा उठायची, ऊन डोक्यावर आलं की. दाणे टिपायचे, पाणी प्यायचं, धुळीत अंग घोळायचं, अन् परत येऊन बसायचं. तेवढ्यात मी टोपल्यावर वाकून वाचायची (मान त्यापायीच धरली). पण कोंबडी उठली म्हणून काय झालं, अंडी तर जागेवरच! तेरा अंड्यांच्या फटीतून जेवढं दिसंल तेवढंच मिळायचं. बरं, कोंबडी अंडी रोज चोचीनं फिरवते, सरकवते, म्हणून रोज नवे शब्द उघडे पडायचे अन् कालचे झाकायचे. पहिल्या दिवशी "चीनमधील" एवढंच मिळालं. दुसऱ्या दिवशी "खडकात". पुढं एक अंडं असं बूड टेकून बसलं की चार दिवस हललंच न्हाई. त्याच्याखाली "पिसांचे ठसे" निघालं. मी रोजचे शब्द घोकत चुलीपाशी जायची, भाकर थापताना एकाला एक जोडायची. तुमच्या दाजींनी एकवीस दिवसांत अठरा दिवस करपलेली भाकर खाल्ली. उरलेल्या तीन दिवशी ते वसमतच्या बाजारात हळद घेऊन गेले होते.

असं करून करून नवव्या दिवशी पक्कं झालं. चीनमधी दगडाच्या पापुद्र्यांतून एका लहान डायनोसॉरचा सांगाडा निघाला, अन् सांगाड्याच्या भवती पिसांचे ठसे. नव्या ओट्याच्या ओल्या सिमेंटवर पिंपळपान पडतं, वाळून उडून जातं अन् शिरा मागं राहतात, तसे. जनावर आपल्या कोंबड्याएवढं. तोंडात दात, हाताला तीन बोटं, मागं लांब शेपूट, अंगभर पिसं, पण उडता येत नव्हतं. बाराव्या दिवशी आणखी एक निघालं. दुसऱ्या देशात वाळवंटात तशाच एका जनावराचा सांगाडा सापडला, तो अंड्यांवर बसलेला. दोन्ही हात पसरून, अंडी पोटाखाली घेऊन. वरून वाळूचा ढिगारा आला तरी ती उठली न्हाई. (पेपरात "जनावर" लिहिलेलं आहे. "ती" माझं आहे.) तशीच बसून दगड झाली. सात कोटी वर्षं झाली म्हणे.

दादा, त्या दिवसापासून माझं चित्त घरात न्हाई, एवढं मात्र खरं आहे. सात कोटी म्हणजे किती ते मला कळत न्हाई. मी आई, आईची आई, तिची आई असं मोजत गेले तर सातव्या आईलाच मला चेहरा सापडंना, पुढं नुसता धूर. संध्याकाळी हळद शिजत असते, बॉयलरची वाफ शेतावर पसरते, कालव्याचं पाणी पिवळं दिसतं, अन् त्या वाफेत मला ते चालताना दिसून राहिले. घाईघाईनं न्हाई, एक पाय उचलून, पंजा मिटून, जरा थांबून, मग पुढं टाकून. हळदीच्या सरीतून, वरंबा न मोडता. मोठाले, पिसांचे, मान हलवत, कुणाला काही न बोलता. त्यांचा आवाज येत न्हाई, नुसती पिसं एकमेकांना घासल्यागत वाटतं, ज्वारीच्या पात्याला वारा लागावा तसं. एकीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मला भेव वाटलं न्हाई. उलट वाटलं, हिला मी कुठंतरी बघितलं आहे. मग बॉयलरवाल्यानं शिट्टी मारली अन् मी हातातलं टोपलं खाली ठेवायचं तर कालव्यात ठेवलं. ते वाहून गेलं. (नवीन होतं.)

हे सासूबाईंनी बघितलं. त्याआधी त्यांनी मला कोंबडीशी बोलतानाही ऐकलं होतं. मी एवढंच म्हणत होते, "ऊठ गं माय, दोनच ओळी राहिल्या." त्यांनी तांड्यावरच्या पारुबाईला बोलावून आणलं, ती जाणती बाई आहे. पारुबाईनं मला बघितलं, टोपलं बघितलं अन् म्हणाली, "बाई, कोंबडी बसली का तू बसली?" अन् हसत हसत दोन पिल्लं सांगून ठेवून निघून गेली. तिला यात काही दिसलं न्हाई. पण सासूबाईंना पटंना. त्यांनी तुमच्या देवऋषीला फोन लावला अन् त्यानं फोनवरच उपाय सांगितला: बाईला उगवतीकडं तोंड करून बसवा अन् तांबडा कोंबडा तिच्यावरून तीनदा ओवाळून शिवेपार सोडा.

म्हणजे बघा. बाई कोंबडीकडं बघत बसते, तर औषध काय, कोंबडा. मी म्हणलं ओवाळा, मला बी त्याला जवळून बघायचंच होतं. तुमच्या दाजींनी त्याला दोन्ही हातांनी धरून पहिला फेरा घेतला, तसा त्याचा पाय माझ्या नाकापुढं आला. दादा, कोंबड्याचा पाय तुमी कधी नीट बघितला आहे का? वर पिसं, अन् खाली पालीचं अंग. खवले, नखं, सगळं तेच. मी पाय धरला. सासूबाई ओरडल्या, धरू नको. मी म्हणलं थांबा, अन् त्याचा पंख उघडून तुमच्या दाजींना आतला हात दाखवला, खांदा, कोपर, मनगट, अन् शेवटाला बोटांचे खुंट. ते दुसरा फेरा विसरले अन् वाकून बघायला लागले. हात ढिले पडले. कोंबडा सुटला तो सरळ शिजवून काढलेल्या गरम हळदीच्या ढिगावर, तिथून बोंबलत ओल्या गाळात, तिथून सासूबाईंच्या पांढऱ्या लुगड्यावर. कोंबडा पिवळा, लुगडं पिवळं. सासूबाई म्हणाल्या, बाधा आता कोंबड्याला बी लागली. म्हणून तो बाभळीखालचा फोन.

तर एवढंच सांगायचं होतं. देवऋषीला आणू नका. त्याला उगीच तकलीफ. कोंबडीनं परवा अकरा पिल्लं काढली, दोन अंडी गेली. माझं वाचणं बी संपलं, भाकरी आता बराबर होऊन राहिल्या. वहिनींना नमस्कार, गाईच्या अंगावरून हात फिरवा.

तुमची,
शालू

ता. क. वाचणं संपलं असं लिहिलं ते खोटं आहे. पिल्लं निघाल्यावर मी टोपलं उपसलं. पेपर घाण झालेला, पण शेवटची ओळ कोपऱ्यात शाबूत होती. अशी आहे: "उडता येत नव्हते, तर मग ही पिसे होती तरी कशासाठी? (उर्वरित पान सहावर)". एकवीस दिवस, दादा! अन् लाडवाच्या डब्याला तुमी पेपराचं वरचंच पान गुंडाळलं. पान एक, दोन, सात अन् आठ माझ्याकडं आहेत. पान सहा तुमच्याकडं आहे. तुमी रद्दी देत न्हाई, माळ्यावर रचून ठेवता, मला ठाऊक आहे. संक्रांतीच्या आधीच्या रविवारचा पेपर, पुरवणी. गुडघा दुखत असंल तर वहिनींना चढवा.

ता. क. दुसरा. उत्तर मला सापडलं आहे, असं मला वाटतं. एकविसाव्या दिवशी मी कोंबडीच्या पंखाखाली हात घातला होता. तिनं चोच मारली, पण मी काढला न्हाई. आत एवढी ऊब होती की मी हात तिथंच विसरले. पिसं उडायसाठी नव्हती, दादा. ती अंड्यांवर पसरायसाठी होती. वाळूतल्या तिचे हात तसेच तर पसरलेले आहेत. हे मला कुणी सांगितलेलं न्हाई. माझं बरोबर आहे का चूक, ते पान सहावर आहे. चौथीत वार्षिक परीक्षेचे पेपर मी दिले अन् निकालाच्या आधी बाबांनी मला गुरांमागं लावलं. निकाल आणायला कुणी गेलंच न्हाई. ह्या खेपेला मला बघायचं आहे.

ता. क. तिसरा. आज सकाळी तुमचे दाजी बैलांना पाणी दाखवता दाखवता मला इचारून राहिले, "मग पिसं कशापायी असतील गं?" मी माझं उत्तर सांगितलं. ते म्हणाले, न्हाई, रुबाबासाठी असतील, नर मादीपुढं मिरवत असंल, आपला तांबडा बघ. तवापासून आमचं बोलणं बंद आहे. म्हणून रविवारी तुमीच या. देवऋषीला आणायचं तर आणा, चहा पाजीन. पण पान आधी. ते वाटेत वाचू नका. वाचलंच तर दारात आल्यावर तोंडावर दिसू देऊ नका, अन् यांना वाचायला देऊ नका, ते भरभर वाचतात. मी वाचीन. मला वेळ लागतो, तोवर तुमी दोघं गप्प बसा.